मुठीचे तांदूळ

॥ श्री ॥

मु. बोरटोला, ता. धानोरा
१० सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानीस मोठीमायचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझे पार्सल काल मिळाले. आत निघाले ते येणेप्रमाणे: गुडघ्याच्या तेलाची बाटली एक, चष्म्याची पेटी एक, तुझ्या आईने भरलेल्या लोणच्याची बरणी एक (तेल सांडून ते पेटीला लागले), आणि तुमच्या संस्थेचे रंगीत पुस्तक एक. वर पोस्टाचे एकशे बारा रुपये लागल्याचा शिक्का आहे. तेवढ्यात धानोऱ्याच्या बाजारात दोन बाटल्या तेल आले असते. गोकुळाला सांग, लोणचे चांगले आहे, पण झाकण लावायला माझी धाकटी बहीण अजून शिकली नाही. फोनची वाट पाहू नकोस. टॉवर चार दिवस चालतो, आठ दिवस झोपतो, आणि लागला तरी तुझे मोठेबाबा शेजारी उभे राहून मधेच बोलतात. पत्रच बरे.

पुस्तक मी दोनदा वाचले. मॅट्रिक झाले आहे, अक्षर कळते. पण एक हिशेब लागला नाही. तुमची संस्था कोणत्या कोंबडीला दाणा टाकत नाही, कोणती गाय बांधत नाही, तरी लोकांकडून वर्गणी घेते. ती जाते कुठे, तर अंडीवाल्या कंपन्यांशी बोलण्यात, सरकारकडे अर्ज करण्यात आणि ढोरांच्या डॉक्टरला गावोगाव फिरवण्यात. बोलायलाही पैसे लागतात हे मला या वयात समजले. आमच्या सुगंधाबाई दिवसभर फुकट बोलतात.

तू लिहिलेस की आमच्या भजनी मंडळाचे मुठीचे तांदूळ यंदा तुमच्या कामाला द्यावे. बाई, तू चंद्रपूरला राहून विसरलीस वाटते. रोज भात टाकण्याआधी एक मूठ देवाच्या मडक्यात पडते, घरात पाहुणे असोत की सुतक. आजारपणात माझ्याने हात उचलवत नव्हता तेव्हा मोठेबाबांनी टाकली. कार्तिकात अठरा घरांची मडकी रिकामी करून तांदूळ विकतो आणि नदीकाठच्या गोशाळेला देतो. ती पावती देते, पावतीवर गायीचा फोटो असतो. तुमच्या पावतीवर काय असेल, पिंजरा? गायीत तेहतीस कोटी देव आहेत. कोंबडीत कोणता आहे ते कळव.

पोळ्याला मोठेबाबा जेवले नाहीत. कोठा रिकामा, खुंटा रिकामा, दुसऱ्यांचे बैल तोरणाखाली उभे, हे पाहून परत आले. भाड्याचा ट्रॅक्टर लावला आणि दोन वर्षांपूर्वी आपल्या चांद्याला गोशाळेत दिला, तेव्हापासून दर पोळ्याला हेच. तू ज्याच्या शिंगाला रिबिनी बांधायचीस तोच चांद्या. आता म्हणतात, त्याले घरी आनू, म्हातारा झाला, आपल्या कोठ्यात मरू दे. मी विचारले, तणस कुठून आणायची? गेल्या सालचा धानाचा पेंढा मी विकून टाकला, यंदाचे धान अजून शेतात उभे आहे. तिथे त्याला आयते मिळते, कीर्तन कानावर पडते. माणसाला असे म्हातारपण मिळत नाही.

गोकुळाला नमस्कार. तेल रोज लावते. माया असू दे, पार्सल नको.

तुझी मोठीमाय
रुखमाबाई

*

तुकूम, चंद्रपूर
२६ सप्टेंबर २०२४

ती. मोठीमायच्या चरणी शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळाले. आईने ते मोठ्याने वाचायला लावले आणि झाकणाच्या ओळीवर रुसून बसली.

कोंबडीत कोणता देव आहे ते मला माहीत नाही. पण तुझ्या शाळेच्या वहीचे एक पान आठव. अंड्यांच्या मोठ्या शेडमध्ये एका कोंबडीच्या वाट्याला तेवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, दीड-दोन वर्षे तारेवर उभे राहायचे. अशा एका शेडमध्ये आपल्या धानोरा तालुक्यातल्या माणसांपेक्षा जास्त कोंबड्या असतात. प्रत्येकीला दाणा टाकायला आम्ही कुठवर पुरणार? मालकाने पिंजरा काढला तर सगळ्यांचे एकदम सुटते. म्हणून बोलायचे. बोलण्याला पगार लागतो, कारण बोलणाऱ्यालाही भात लागतो.

गोशाळेबद्दल मी वाईट म्हणत नाही. चांगल्याही असतात. पण पावतीवरच्या फोटोतली गाय कुठली आहे हे तू कधी विचारलेस का? पैसा कुठे गेला ते फोटोवरून कळत नाही. एकदा सणवार नसताना, न सांगता जा. चांद्याच्या बरगड्या बघ, खुरांच्या मधे बघ, पाण्याच्या टाक्यात हात घाल. आणि मोठेबाबा म्हणतात तसे त्याला घरी आण. दोन महिन्यांची तणस मी विकत घेऊन देते. तू घेणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते.

आईचा नमस्कार. तुझ्या रागावरही आमची माया आहे.

तुझी
दिव्यानी

*

मु. बोरटोला
२० ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानीस अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावले. पाच रुपयांच्या पाकिटात पाच हजारांचे शहाणपण आले. तणस विकत घेऊन देणारी तू कोण? तुझ्या लग्नासाठी ठेव ते पैसे.

पण एक गोष्ट तुझी मनाला लागली, ती मी मंडळात वाचून दाखवली. फोटोवरून पैसा कुठे गेला ते कळत नाही. बायका म्हणाल्या, पोरगी खरं बोलून राह्यली. सुगंधाबाई मंडळाच्या प्रमुख, त्यांना आधी राग आला, मग त्यांनीच मार्ग काढला. पैसे यंदा कोणालाच द्यायचे नाहीत, ना गोशाळेला ना तुम्हाला. गोपाष्टमीला आपण सगळ्या जणी तिथे जायचे, मुठीचा भात तिथेच शिजवायचा, गूळ घालायचा आणि आपल्या हाताने गायींच्या पुढे ठेवायचा. मधे कोणी माणूस नाही, पावती नाही. दिलेले तोंडात जाताना डोळ्यांनी दिसेल. मला हे फार पटले. तुझ्या बोलण्यातूनच निघाले, म्हणून पुण्याचा थोडा वाटा तुझ्या नावावर लिहीन.

चांद्यालाही पाहीन. मोठेबाबांना म्हटले, चला सोबत. ते म्हणाले, पाहून सोडून यायचं असन तर मी नाई येत. धान कापणीला आले आहे, त्यांचे मन तिकडे आहे असे मी धरून चालले.

दिवाळीला ये. अनारसे तुझ्यापुरते करीन. लोभ आहेच, तो काही विकत आणावा लागत नाही.

रुखमाबाई

*

तुकूम, चंद्रपूर
२५ ऑक्टोबर २०२४

ती. मोठीमायस शि. सा. नमस्कार.

घाईत लिहिते. फोन चार वेळा लावला, लागला नाही.

भात देऊ नका. ही माझी चेष्टा नाही. आमच्या डॉक्टरांना विचारून लिहिते आहे. उपाशी ढोराने एकदम पोटभर भात आणि गूळ खाल्ला की तो पोटात आंबतो, रवंथ बंद पडते, पोट फुगते आणि ढोर बसते ते उठत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी गोशाळांमध्ये ढोरे मरतात ती यानेच, असे ते दरवर्षी बघतात. पोळ्याला घरच्या बैलाला आपण एक घास देतो, त्याने काही होत नाही. पण तिथे भाताची मोठाली पातेली, गंजच्या गंज ओतले जाणार, आणि ती ढोरे भुकेली असणार.

हाताने द्यायचे आहे ना, तर तणसाच्या पेंढ्या न्या, हिरवा चारा न्या. तेही डोळ्यांसमोर तोंडात जाते. मंडळाला हे पत्र वाचून दाखव. मला दिवाळीला सुट्टी नाही.

तुझी
दिव्यानी

*

मु. बोरटोला
१७ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

तुझे पत्र वेळेवर मिळाले होते. पाडव्याच्या दिवशी पोस्टमन देऊन गेला. हे आधी लिहिते, नाहीतर तू पोस्टाला दोष देशील.

मंडळात वाचले. सुगंधाबाई म्हणाल्या, जलमभर ढोरं आपन पोसले, अन् ढोराले काय द्यावं हे चंद्रपूरवाली शिकवन का? कोणी म्हणाले, तणस काय देवाचा प्रसाद आहे? हसल्या. मीही हसले. माझ्या सासूने, तिच्या सासूने पोळ्याला बैलाला भात दिला, आमचा एक बैल त्याने गेला नाही. तू घासाचे आणि गंजाचे वेगळे लिहिले होतेस, ते वाचताना माझ्या तोंडातून निघाले, पण कानात गेले नाही. तरी तुझ्या शब्दाला मान म्हणून गूळ निम्मा करायला लावला. हे मी तेव्हा मोठे समजले.

गोपाष्टमीला सकाळी गेलो. दोन पोती तांदूळ शिजला. हळद-कुंकू, आरती, मग ढोरे सोडली. दिव्यानी, गाय प्रसाद घेते तशी ती ढोरे आली नाहीत. गंज उलटे झाले. एकीवर एक चढत होती. बायका म्हणाल्या, पहा किती आवडलं मायला. मीही तेच म्हणाले असते, पण तेवढ्यात चांद्या दिसला. डावे शिंग टोकाशी तुटलेले, म्हणून ओळखला. अंगावर हात ठेवला तर हात बरगड्यांवर चालला, जिन्यावरून चालावा तसा. दात राहिले नव्हते. गर्दीत त्याला कोणी पुढे येऊ देत नव्हते. मी हाक मारली तेव्हा कान वळवला आणि मागच्या मागे माझ्याकडे आला. दोन वर्षे ओळख ठेवली त्याने.

त्याला मिळाले नाही म्हणून मी टोपलीत वेगळा भात घेतला. गूळ राहिलेला होता, तोही त्यावर घातला. दात नाहीत, मऊ आहे, चांगले, असे मनात आले. एक टोपली संपवली तर दुसरी भरून आणली. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ दिले नाही. पदराने त्याचे तोंड पुसले. घरी येऊन मोठेबाबांना सांगितले, खूप खाल्ले त्याने. ते इतक्या दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोशाळेतला गडी लटारू सायकलवर आला. नऊ ढोरे बसली आहेत, पोटे ढोलासारखी, दात खातात, पाणी पीत नाहीत. आम्ही रात्री पोहोचेपर्यंत दोन गेली होती. पहिला चांद्या. बाकीची एकादशीपर्यंत एकेक करून. डॉक्टर तालुक्याहून आला तेव्हा दोनच उरली होती, ती वाचली.

चांद्याला मोठेबाबांनी तिथेच पुरले. गळ्यातली घाटी सोडून घेतली आणि परतताना ट्रॅक्टरवर वाटभर मुठीत धरून बसले, वाजू नये म्हणून.

आता पुढचे ऐक, म्हणजे तुझी संस्था बोलण्यावर पैसे का घालते ते मला कसे कळले ते कळेल. एकादशीच्या भजनानंतर सुगंधाबाईंनी जाहीर केले की ढोरांचे सोने झाले, प्रसाद मुखी घेऊन एकादशीला गेली, वैकुंठाशिवाय दुसरी गती नाही. सगळ्यांनी हात जोडले. मी उभी राहिले आणि म्हणाले, भातानं मेली, आपल्या भातानं. दिव्यानीनं कळवलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. सुगंधाबाई म्हणाल्या, तुह्या तोंडातून भाचीच्या कोंबड्या बोलून राह्यल्या रुखमा, बस खाली. मग टाळ सुरू झाले. टाळांपुढे एका बाईचा आवाज किती पुरणार.

गोशाळेचे आभाराचे पत्र आले आहे. सोबत फोटो आहे, बायका ओळीने उभ्या, पुढे गंज, गायींची तोंडे त्यात. मी टोपली घेऊन एका बाजूला आहे, चांद्याचे अर्धे तोंड दिसते. खाली लिहिले आहे, पुढील वर्षीही अशीच सेवा घडो. मंडळाने पुढच्या वर्षी तीन पोती ठरवली आहेत.

मला समजावणारे पत्र लिहू नकोस.

रुखमाबाई

*

तुकूम, चंद्रपूर
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मोठीमायस शि. सा. नमस्कार.

समजावत नाही. मला तुझा राग आला होता, दोन दिवस राहिला, मग रात्री आई आणि मी चांद्याचेच बोलत बसलो. फोटोचे वाक्य मीच लिहिले होते. त्यातून गंज निघतील असे वाटले नव्हते.

आमच्याकडेही सांगण्यासारखे काही नाही. दीड वर्ष ज्या अंडीवाल्या मालकाशी बोलत होतो, त्याने पिंजरे काढतो म्हणून शब्द दिला होता. परवा म्हणाला, लोक स्वस्त अंडे मागतात, मी कशाला काढू. पिंजरे आहेत तिथेच आहेत. दीड वर्षाची वर्गणी गेली म्हण. सोमवारपासून पुन्हा त्याच्या दारात जायचे आहे. तू विचारले होतेस पैसा कुठे जातो, तर असाही जातो.

तुझ्या गोशाळेत आमचे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी गेले होते, हे मला आता कळले. व्यवस्थापकाने दारातून परत पाठवले. म्हणाले, आमच्याकडे भक्त आहेत, डॉक्टर कशाला.

डॉक्टरांनी सोबत एक चिठ्ठी दिली आहे. ढोर भाताने फुगले तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचे, ते साध्या भाषेत लिहिले आहे. लटारूला वाचून दाखव. स्वतःला जप, मोठेबाबांनाही. आईला तुझी फार आठवण येते, माझेही तसेच.

दिव्यानी

*

मु. बोरटोला
१२ डिसेंबर २०२४

चि. दिव्यानीस व गोकुळास आशीर्वाद. वि. वि.

पत्र एक आणि डॉक्टरांची चिठ्ठी एक, पाकीट पाच रुपये, मिळाले. चिठ्ठी लटारूला वाचून दाखवली, मग त्याच्या सांगण्यावरून गोशाळेतल्या कोठ्याच्या भिंतीला डिंकाने लावली. व्यवस्थापकाने दुसऱ्या दिवशी फाडली. मी आधीच वहीत उतरवून घेतली होती, पुन्हा लिहून लावली. आतापर्यंत तीन वेळा उतरवली. अक्षर दर वेळी मोठे करते.

मळणी झाली. अंगणात तणसाचा ढीग लागला आहे, आंब्याच्या फांदीला टेकेल एवढा. दरवर्षीप्रमाणे घेणारा आला, मी भाव बोलणार तेवढ्यात मोठेबाबा म्हणाले, विकायची नाई. तो गेल्यावर ढिगाकडे वळले. मग मला म्हणाले की मले आनू देला असता तर हेच खाल्लं असतं त्यानं. कोरडी तणस. रागाने म्हणाले नाहीत. दात नसलेल्या बैलाने तणस कशी खाल्ली असती, हे मला नंतर सुचले. तोडून, भिजवून देता आली असती, हेही सुचले.

मंडळात जाते. देवाशी माझे भांडण नाही. पण माझी मूठ मी काढून घेतली. सुगंधाबाई म्हणाल्या, अठराचे सतरा झाले तरी गोमातेला कमी पडनार नाई. खरे आहे. सतरा घरांची तीन पोती होतीलच.

माझे मडके मात्र भरते आहे. हात ऐकत नाही, सकाळी भात टाकायला बसले की मूठ आपोआप बाजूला जाते. ते तांदूळ विकून तुमच्या संस्थेला पाठवायचे ठरवले आहे. माझे मत बदलले असे समजू नकोस. कोंबडीचा मला लळा नाही, आणि तो अंडीवाला पुन्हा शब्द फिरवील असेच मला वाटते. तरी त्याच्या दारात जा. माझे पैसे तिकडेच जाऊ देत, जिथे मला काही दिसणार नाही. पावतीवर फोटो नको. पत्रात ढोराचे, कोंबडीचे चित्र नको. डोळ्यांनी पाहून दिलेले मी एकदा देऊन पाहिले.

एक काम मात्र मागते, वर्गणीदार म्हणून मागते, मोठीमाय म्हणून नव्हे. पुढची गोपाष्टमी येण्याआधी तुमचे डॉक्टर या गावात आले पाहिजेत. व्यवस्थापक दारात उभा करणार नाही, म्हणून गोशाळेत नको, मंडळात आणू. मी बोलले की खाली बसवतात, पँटवाल्याला बसवायला जरा लाजतील. सुगंधाबाईंच्याच घरी चहा ठेवू, म्हणजे उठून जाता येणार नाही. मुक्काम आमच्याकडे, जेवण साधे, गाडीभाडे माझ्या तांदळातून कापून घ्या. भाताऐवजी काय न्यायचे असे बायकांनी विचारले, तर अंगणातला ढीग दाखवता येईल. मोठेबाबांना विचारले आहे. त्यासाठी देतो म्हणाले, विकायला नाही.

माया आहे तेवढी ठेवा, जास्त मागायला मला तोंड नाही. डॉक्टर कोणत्या महिन्यात येतात आणि पैसे कोणाच्या नावाने पाठवायचे, या दोनच गोष्टी उलट टपाली कळव. टॉवर पुन्हा झोपला आहे.

तुझी
रुखमाबाई